मासे मजेत, मग कोळंबीच का मरते?

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटँकबद्दल तुम्ही पाठवलेल्या या वेळच्या प्रश्नांत मासे जवळपास नाहीतच. सगळी बिनकण्याची मंडळी आहेत, श्रिंप म्हणजे कोळंबी, गोगलगायी, तारामासा, फुलासारखा दिसणारा अॅनेमोन, आणि बहुतेकांनी शेवटी एकच विचारलंय, कुठलं औषध टाकू? तर औषधाची बाटली आत्ता बाजूला ठेवा. टँकमध्ये कोण गेलं आणि कोण ठणठणीत आहे हे आधी कागदावर लिहा, अर्धं निदान तिथेच होऊन जातं.

प्रश्न : ताई, माझ्याकडे दोन क्लाउनफिश आणि एक गोबी आहे, मस्त खातात पितात. पण श्रिंप, हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारा खेकडा), टर्बो स्नेल (गोगलगाय) काहीच टिकत नाही, आणलं की दोन-चार दिवसांत उलटं पडलेलं सापडतं. अमोनिया झीरो, नायट्राइट झीरो, नायट्रेट १० च्या आसपास. टँक सेकंडहँड घेतलाय, दगड-वाळूसकट.

उत्तर : शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात पण माझा सगळा संशय तिथेच आहे. ज्यांच्याकडून टँक घेतला त्यांना आधी फोन करा आणि विचारा, यात कधी कॉपरचं, म्हणजे तांब्याचं, औषध टाकलं होतं का. माशांना मरीन इक किंवा व्हेल्वेट हे परजीवींचे आजार झाले की बरेच जण मेन टँकमध्येच कॉपर ओततात, मासे बरे होतात, पण ते कॉपर दगडात आणि वाळूत मुरतं आणि नंतर हळूहळू पाण्यात सुटत राहतं. पाणी बदललं तरी पुन्हा सुटतं. गंमत अशी की कोळंबी-खेकड्यांच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोसायनिन तांब्याचंच असतं, म्हणजे थोडं तांबं त्यांना लागतंच, तरी पाण्यात विरघळलेलं तांबं जरा वाढलं की ते तग धरत नाहीत. माशाला औषध म्हणून जेवढं देतात, साध्या कॉपरच्या औषधात ०.१५ ते ०.२० पीपीएमच्या (दहा लाखात किती भाग) आसपास, त्याच्या कितीतरी आधी हे प्राणी आडवे होतात. आणि साधी टेस्ट किट एवढ्या खालची पातळी नीट दाखवतच नाही, त्यामुळे किट झीरो म्हणते म्हणून कॉपर नाही असं धरू नका, शक्य असेल तर लॅबकडून आयसीपी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या धातूंची बारीक तपासणी, करून घ्या.

पण थांबा, लगेच दगड फेकू नका, त्याआधी सलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारेपणा, बघा. तुम्ही अमोनिया लिहिलाय, नायट्रेट लिहिलंय, सलिनिटी लिहिलीच नाहीये. क्लाउनफिश १.०२० ला (हा आकडा म्हणजे पाणी गोड्या पाण्याच्या किती पट जड आहे) सुद्धा निवांत पोहतात, पण श्रिंप-गोगलगायींना १.०२५ ते १.०२६ म्हणजे ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) आसपासचं पाणी लागतं. आणि मोजायला तो हलत्या काट्याचा प्लॅस्टिक हायड्रोमीटर असेल तर काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा वर जातो, प्रत्यक्षात पाणी फिकं असतं. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा दाखवणारं उपकरण) वापरा आणि तो ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन लिक्विडने सेट करा, नुसत्या आरओच्या पाण्याने झीरो लावून भागत नाही. आणखी एक, नवीन गोगलगाय पिशवीतून थेट टँकमध्ये सोडत असाल तर तेही बंद करा, बारीक नळीतून थेंब-थेंब टँकचं पाणी देत तास-दीड तास तरी घालवा.

सलिनिटी बरोबर निघाली आणि कॉपरचा संशय पक्का झाला तर कॉपर ओढणारं रेझिन किंवा पॉली-फिल्टरचं पॅड लावा. पॅडचा रंग निळसर-हिरवट व्हायला लागला तर समजा चोर सापडला. तरी माझं मत विचाराल तर दगड आणि वाळू बदलाच, काच धुऊन वापरता येते, पण मुरलेल्या दगडाशी झुंजत वर्ष घालवण्यात अर्थ नाही. आणि मागच्या मालकाने कॉपर टाकलंच नव्हतं असं कळलं तर पितळी फिटिंग, नळाचं पाणी आणि काच घासायच्या मॅग्नेटचं तडकलेलं कव्हर बघा, आत गंज दिसला की तो मॅग्नेट थेट कचऱ्यात.

प्रश्न : सकाळी क्लीनर श्रिंप मरून पडलेला दिसला, पण संध्याकाळी दगडामागे अजून एक दिसला. माझ्याकडे तर एकच होता!

उत्तर : एकच आहे. सकाळचं ते प्रेत नव्हतं, कात होती. पुढच्या वेळी जाळीने उचलून उजेडात धरा, आरपार दिसेल, मिशा आणि पायांसकट सगळं शाबूत, फक्त आतून पोकळ, आणि पाठीवर जिथे डोक्याचं कवच संपून शेपटीकडचा भाग सुरू होतो तिथे फट पडलेली. मेलेला श्रिंप असा काचेसारखा दिसत नाही, तो अपारदर्शक आणि गुलाबी-पांढरा पडतो. कात टाकल्यावर अंग मऊ असतं म्हणून तो एक-दोन दिवस लपून बसतो, शोधायला दगड हलवू नका. तुटलेला पाय असेल तर पुढच्या एक-दोन कातींमध्ये परत येतो.

काळजी कधी करायची? अर्धवट कातीत अडकून मेला तर. तेव्हा बहुतेक वेळा सलिनिटीची उडी असते, आठवडाभर बाष्पीभवन होऊ दिलं आणि एकदम बादलीभर गोडं पाणी ओतलं असलं काहीतरी. टॉप-अप, म्हणजे आटलेल्या पाण्याची भरपाई, रोज थोडं थोडं करा. कात नीट पडावी म्हणून आयोडीन टाका असा सल्ला सगळीकडे मिळतो, मला तो पटत नाही, सॉल्ट मिक्समध्ये आयोडीन असतंच आणि वॉटर चेंज नियमित असेल तर वेगळं लागत नाही. न मोजता काहीच ओतू नका.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, १५० लिटरचा टँक आहे. निळा लिंकिया तारामासा आणला, चार महिने छान होता, आता एका हाताचं टोक विरघळतंय आणि पांढरं पांढरं दिसतंय. कुठलं अँटिबायोटिक टाकू?

उत्तर : कुठलंच नको. अँटिबायोटिकने तारामासा वाचण्यापेक्षा तुझ्या दगडांवरचे उपयोगी बॅक्टेरिया मरण्याची शक्यता जास्त, मग अमोनिया वाढेल आणि बाकीचेही जातील. खरं सांगू का, हा बहुतेक उपाशी आहे. लिंकिया दगडावरचा बारीक थर चरून जगतो, आणि तुझ्या टँकएवढ्या जागेत तो थर काही महिन्यांत संपतो. वरून कळत नाही कारण तारामासा वाळत नाही, आतून खंगत जातो आणि एक दिवस हाताचं टोक सुटायला लागतं, म्हणून चार महिने छान होता असं वाटलं. दुसरं म्हणजे या सगळ्या काटेरी कातडीच्या प्राण्यांना, तारामासा असो की सी अर्चिन, अंगातलं मीठ-पाणी सांभाळायची सोयच नाही, बाहेरचं पाणी जसं तसं आतलं, त्यामुळे सलिनिटीचा छोटासा झटकाही यांना बसतो. अर्चिनचे काटे भराभरा गळायला लागले तर तिथेही आधी सलिनिटीच मोजायची.

आता काय? सलिनिटी आणि तापमान तपास, हवेत न उचलता पाण्यातल्या पाण्यात डब्यात घे आणि त्याच टँकमध्ये शांत कोपऱ्यात ठेव. वाचेल असं मी म्हणणार नाही, हाताचं टोक गळायला लागल्यावर फार थोडे परततात. मधली चकतीही फुटायला लागली तर बाहेर काढ, कुजला की छोट्या टँकचं पाणी एका रात्रीत बिघडतं. तारामाशाचीच हौस असेल तर छोटा ब्रिटल स्टार (तारामाशाचा बारीक हातांचा भाऊबंद) बघ, तो उरलंसुरलं खाऊन राहतो, फक्त हिरवा ब्रिटल स्टार घेऊ नकोस, तो मोठा झाला की रात्री झोपलेले मासे पकडतो.

प्रश्न : बबल टिप अॅनेमोन दर दोन-तीन दिवसांनी पार चोळामोळा होतो, तोंडातून तपकिरी दोरे निघतात. मरतोय का?

उत्तर : आकसला आणि दिवसभरात परत फुगला तर नाही, तो आतलं घाण पाणी बाहेर टाकून नवं घेतोय. तपकिरी दोरे म्हणजे विष्ठा असू शकते किंवा अंगातलं शेवाळ बाहेर टाकणं, झूझँथेली म्हणतात ते. कधीमधी ठीक, पण रोज निघत असेल आणि रंग फिका होत चालला असेल तर लाइट एकदम वाढवला का किंवा पाणी तापलं का ते बघा. पांढराशुभ्र अॅनेमोन सुंदर दिसतो म्हणून विकला जातो, तो आजारी असतो. तोंड सैल उघडं, पाय दगडावरून सुटलेला आणि पाण्याबाहेर काढल्यावर असह्य वास, हे तिन्ही एकत्र असेल तर तो गेलाय, लगेच काढा. फिरायला लागला असेल तर आजच पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) तोंडाला स्पंज लावा, तिथे ओढला गेला की त्याचा कीस होतो आणि पाण्यात जे पसरतं त्याने बाकीचेही मरतात. जागा त्याला स्वतःला निवडू द्या.

प्रश्न : एका रात्रीत तिन्ही श्रिंप आणि सगळे हर्मिट क्रॅब मेले. गोगलगायी, कोरल, मासे सगळं नॉर्मल. आदल्या दिवशी घरात पेस्ट कंट्रोल झालं होतं पण टँकपासून लांब, दुसऱ्या खोलीत.

उत्तर : उत्तर तुम्हीच दिलंय. फक्त श्रिंप-खेकडेच गेले आणि गोगलगायी शाबूत, म्हणजे कॉपर नाही, कीटकनाशक. फवारणीत असतात ती पायरेथ्रॉइड कीटकनाशकं झुरळाला मारतात आणि श्रिंप हा झुरळाचा लांबचा नातेवाईकच, फार थोड्या मात्रेत जातो. मात्रा वाढली तर मासेही सुटत नाहीत. दुसऱ्या खोलीत असून काय उपयोग, एअर पंप आणि स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र) घरभरची हवा ओढून पाण्यात घुसळतात. ताजं अॅक्टिव्हेटेड कार्बन लावा, दोन-तीन मोठे वॉटर चेंज करा, नवीन श्रिंप काही आठवडे आणू नका. पुढच्या वेळी फवारणीआधी टँक झाका, खोलीची हवा मोकळी होईपर्यंत एअर पंप आणि स्किमर बंद ठेवा, पाणी हलतं राहायला पॉवरहेड मात्र चालू. स्प्रे मारून हात तसेच टँकमध्ये घालणारेही आहेत, त्यांना काय सांगायचं.

प्रश्न : झोअँथिडची (कोरलसारखे, गुच्छाने वाढणारे जीव) एकच वसाहत आठवडाभर उघडत नाहीये, शेजारच्या उघड्या आहेत.

उत्तर : शेजारी ठीक आहेत म्हणजे पाणी ठीक आहे, कोणीतरी खातंय. लाइट गेल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन बसा. झोअँथिड खाणारा न्यूडिब्रँक (बिनशंखाची समुद्री गोगलगाय) जे खातो त्याचाच रंग घेतो, अंगावरच्या झिपऱ्या पोलिपच्या (वसाहतीतल्या एकेका जीवाच्या) कडेसारख्याच दिसतात, त्यामुळे नजर जागेवर ठेवून बघावं लागतं, एखादा पोलिप सरकताना दिसला की तो पोलिप नाही. पोलिपच्या बुंध्यापाशी बारीक पांढरी गुंडाळी चिकटलेली असेल तर ती त्याची अंडी. बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी असलेली चपटी गोगलगाय दिसली तर ती सनडायल, तीही हेच खाते.

चिमट्याने काढा, कोरल डिप द्या, म्हणजे औषधी पाण्यात बुडवून काढा, अंडी खरवडून टाका कारण डिपने अंडी मरत नाहीत, म्हणून दर आठवड्याला पुन्हा डिप, निदान तीन-चार वेळा. हे करताना ग्लोव्हज आणि चष्मा घालायचाच. काही झोअँथिड आणि त्यांच्याच जातभाई पालिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, फार जहाल विष. ते दगड उकळत्या पाण्यात टाकायचे नाहीत, गरम पाण्याने घासायचेही नाहीत, वाफेतून ते श्वासात जातं आणि घरातली माणसं, कुत्री-मांजरं सगळी आजारी पडतात. खरवडलेलं पाणी उडेल असं ब्रशने घासू नका, बादलीत पाण्याखाली धरूनच काम करा, आणि हातावर जखम असेल तर ती भरेपर्यंत थांबा.