पोटॅश टाकला, पण गेला कुठे?

अरे, माती परीक्षणात पोटॅश ‘मध्यम’ आला म्हणून लगेच पोतं आणायला मुरबाडला पळू नकोस. आधी खाचरातलं ढेकूळ हातात घे. उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडत असतील, तर ती माती फुगणारी-आकसणारी. तिचा कण म्हणजे पापुद्र्यांची चवड. पोटॅशचा आयन, म्हणजे त्याचा विद्युतभारित अणू, दोन पापुद्र्यांमधल्या खळग्यात नेमका बसतो आणि माती वाळून ते मिटले की आत अडकतो. नत्र खतातला अमोनियमही जवळपास त्याच आकाराचा, तोही तिथेच फसतो. पण बुडीत खातं समजू नकोस. मुळांनी आजूबाजूचा पोटॅश ओढून घेतला की हा हळूहळू बाहेर येतो. परीक्षणाच्या नेहमीच्या आकड्यात मात्र तो धरलेला नसतो.

माळावरच्या लाल वरकस जमिनीचं उलटं. तिथे केओलिनाइट नावाची न फुगणारी चिकणमाती जास्त, पकड कमी; जुलैच्या झडीत टाकलेलं धुऊन जातं. तिथे म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे बाजारातलं ६० टक्के पोटॅशचं खत, दोन हप्त्यांत दे, अर्धा चिखलणीला, अर्धा भात पोटरीत येण्याआधी.

आणि पेंढा! भाताने उचललेल्या पोटॅशचा मोठा भाग दाण्यात नाही, पेंढ्यात असतो. मी कित्येक वर्षं सगळा पेंढा तबेल्याला विकला आणि वर ६० टक्केवाला पोटॅश विकत आणला. शहाणपणाच! आता निदान शेणखत तरी परत मागून घेतो. रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळून राब भाजतोस ना, त्या राखेतही पोटॅश असतो, आणि तो पाण्यात चटकन विरघळतो. पहिल्या सरीआधी वाफ्याचा बांध तेवढा नीट घाल.