जमिनीत मुरलेलं पेट्रोल शोधायचं म्हणते मुलगी

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी रसायनशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पेट्रोलगळतीने दूषित झालेल्या भूजलाचा तपास करण्याच्या कामात तिला शिरायचं आहे. तुम्ही विचारता, हे म्हणजे नुसतं पाणी तपासणंच ना? आणि भूशास्त्र न शिकलेल्या मुलीला ते जमेल का? पत्राच्या शेवटी ‘बेन्झीनने कॅन्सर होतो म्हणतात’ असंही लिहिलंय, त्याकडे नंतर येतो.

पाणी तपासणं हा यातला त्यातल्या त्यात सोपा भाग. प्रयोगशाळेतलं यंत्र आकडा देतं, पण त्या आकड्याला अर्थ आहे की नाही हे विहिरीपाशीच ठरलेलं असतं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. टाकी किंवा पाइपलाइन गळली की ते मुरत मुरत भूजलपातळीपर्यंत जातं आणि तिथे तरंगत पसरतं. त्यातलं बेन्झीन, टोल्युइन वगैरे पाण्यात विरघळून प्रवाहाबरोबर पुढे सरकतं. आता निरीक्षण विहिरीच्या (म्हणजे भूजल तपासायला घेतलेल्या, पाइप घातलेल्या बोअरच्या) पाइपाचा जाळीचा भाग पाण्याच्या पातळीच्या पूर्ण खाली बसवला, तर वर तरंगणारं पेट्रोल विहिरीत येणारच नाही आणि अहवालात खुशाल ‘तवंग आढळला नाही’ असं छापलं जाईल. उलट विहिरीत हातभर थर दिसला म्हणून जमिनीतही तेवढंच पेट्रोल आहे असं नाही. बहुतेकदा ते बरंच कमी असतं. दूषित पाणी कुठे चाललंय हे कळायला किमान तीन विहिरी लागतात, त्याही एका रेषेत नसलेल्या आणि प्रत्येकीच्या पाइपाच्या तोंडाची उंची नीट मोजलेली. हे सगळं भूशास्त्राचं काम.

नमुना घेणं मात्र तुमच्या मुलीच्या प्रांतातलं. काचेची ४० मिलिलिटरची कुपी काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी करायची, बोटाने टिचकी मारायची. बुडबुडा दिसला तर ती कुपी बाद, कारण बेन्झीन पाण्यातून उडून त्या हवेत जातं. आम्ल घातलेला नमुना थंड ठेवून १४ दिवसांच्या आत तपासायचा. सोबत शुद्ध पाण्याची एक बंद कुपी नेऊन तशीच परत आणायची. तिच्यात बेन्झीन निघालं तर बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्यानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त बेन्झीन नको. एवढ्या सूक्ष्म मोजमापात जनरेटरमध्ये पेट्रोल ओतलेल्या हातमोज्यानेच कुपी धरली तरी घोळ होतो. अशी शिस्त रसायनशास्त्राच्या मुलांच्या अंगवळणी पडलेली असते.

म्हणूनच माझं स्पष्ट मत : पदव्युत्तर शिक्षण पुन्हा रसायनशास्त्रात नको. जलभूशास्त्र, म्हणजे भूजलाचं शास्त्र घ्यावं, नाहीतर भूजल हा मुख्य विषय असलेलं पर्यावरणशास्त्र. डार्सीचा नियम (जमिनीतून पाणी किती वाहतं याचं गणित), पंपिंग टेस्ट (विहीर उपसून पातळी कशी उतरते ते मोजणं), बोअरमधून निघालेल्या मातीची नोंद करणं हे तिला मुळापासून शिकावं लागेल आणि पहिलं सत्र जड जाईल. गणिताचा कंटाळा असेल तर आताच सांगा.

खरी परीक्षा स्वभावाची आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात बेमिजीजवळ १९७९ साली कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटली. उपसून-जाळूनही बरंच तेल जमिनीत राहिलं आणि १९८३ पासून शास्त्रज्ञ तिथल्या भूजलाचा अभ्यास करताहेत. जमिनीतले सूक्ष्मजीव तेल खातात, आधी ऑक्सिजन संपवतात, पुढे लोह विरघळू लागतं, मिथेन तयार होतो, हे तिथे बारकाईने पाहिलं गेलं. त्यामुळे आज अशा ठिकाणी बेन्झीनबरोबर ऑक्सिजन, नायट्रेट, लोह, सल्फेट, मिथेनही मोजतात. प्रदूषण आपोआप कमी होतंय की नुसतं पुढे सरकतंय, हे त्यावरून ताडता येतं. पण त्यासाठी त्याच विहिरी, तेच मोजमाप, वर्षानुवर्षं. दर महिन्याला नवं काहीतरी हवं असणारी माणसं इथे टिकत नाहीत. सुरुवातीची वर्षं चिखलात जातात. अहवाल, संगणकावरची प्रारूपं, धोक्याचं मूल्यमापन हे पुढे येतं.

बेन्झीन कर्करोगकारक आहे, हे खरंच. म्हणून योग्य हातमोजे, हवेतली वाफ मोजणारं यंत्र आणि गरजेप्रमाणे श्वसनाचा मुखवटा हे ज्या ठिकाणी देत नाहीत, तिथे काम करू नये. मला स्वतःला जास्त काळजी ड्रिलिंग मशीनची आणि जमिनीखालून गेलेल्या वीजवाहिन्यांची वाटते. त्यांच्याबद्दल पालक सहसा विचारत नाहीत.

प्रवेश घेण्याआधी तिला विभागात जाऊन एवढं विचारायला सांगा : विद्यार्थी स्वतः विहिरीवर जाऊन नमुने घेतात का, आणि वर्षातले किती दिवस? उत्तर देताना विभागप्रमुख प्रयोगशाळाच दाखवायला लागले, तर दुसरा अभ्यासक्रम शोधा.