कायदे आहेत, आरक्षण आहे, तरी गावात बाईच्या शब्दाला वजन का येत नाही?

पंचायतीत निम्म्या जागा राखीव झाल्या तरी असं का, हा तुमचा प्रश्न. मी दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग करते, त्यामुळे माझं उत्तर सातबाऱ्यापासून सुरू होतं.

फळासाठीची गोडी छाटणी झाली की डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, काढणी, सगळीकडे बायकांचेच हात. पण पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेचा, विकास सोसायटीचा, सभासद कोण? जमीन ज्याच्या नावावर तो. पीककर्ज त्याला, सोसायटीवर संचालकही तोच, आणि त्या संचालकांना बाजार समितीत मत. तिथवर बाई पोचणार कशी? सरपंचपद मिळतं, 2011 पासून 50 टक्के आहे. सही तिची, खुर्चीत नवरा. (त्यालाच लोक बिनदिक्कत ‘सरपंच’ म्हणतात.)

वडिलोपार्जित जमिनीत मुलीला हक्क महाराष्ट्रात 1994 साली मिळाला, देशभर 2005 साली. माझे वडील त्यानंतर गेले. तेरावं झालं आणि पंधरा दिवसांत भाऊ न्यायला आला. निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्र टाईप करून तयारच होतं. आई एवढंच म्हणाली, “माहेर राहू दे गं.” मी आणि धाकटीने अंगठे दिले, फोटो काढले. येताना भावाने दोघींना येवल्याहून पैठणी घेतली, नऊ हजारांची. माझ्या वाट्याला दीड एकर येत होतं. भावाचा राग नाही; ‘नाही’ म्हणालेली बहीण आमच्या भावकीत मी अजून पाहिली नाही.

सासरचं जरा वेगळं. 1986 साली आमच्याच नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, पुढे बायकोच्या नावावर जमीन करायची ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम निघाली, आणि 1992 साली सरकारनेही तसा निर्णय काढला: नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागतं. खर्च नावाला. पण अर्ज त्यानेच करायचा, घोडं तिथेच अडतं. आमच्या ह्यांना चार वर्षं लागली. “उद्या सोडून गेली तर?” हे दिराचं पालुपद.

शेवटी नाव लागलं, सोसायटीची सभासद झाले. पहिल्या वार्षिक सभेला गेले तर चहावाल्या पोराने ट्रे पुढे नेता नेता विचारलं, “काकू, काका नाही आले?”

म्हटलं, “ते फवारणीला गेलेत. चहा इकडे दे.”