परदेशातल्या बालसैनिकांसाठी आपल्या सरकारकडे मागायचं तरी काय?

काँगोसारख्या देशांत पोरांच्या हातात बंदुका देतात, त्यावर भारत सरकारला काही करायला लावता येईल का, की खासदाराला पत्र लिहिणं म्हणजे कागद वाया घालवणं, असं तुम्ही विचारलंय. मी सैन्यातून रिटायर झालोय. 2012 च्या सुमाराला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काँगोच्या उत्तर किवू प्रांतात, गोमा भागात होतो. त्या अनुभवावर लिहितो.

कागद वाया जात नाही. पण ‘भारताने तीव्र निषेध करावा’ एवढंच लिहिलंत तर फार तर निषेध होईल आणि फाइल बंद.

तिकडे अशा पोरांना स्वाहिलीत ‘कादोगो’ म्हणतात, म्हणजे चिमुकला. 1997 मध्ये बंडखोरांचा नेता लॉराँ कबिला राजधानी किन्शासात शिरला तेव्हा त्याच्या फौजेत हे कादोगो भरपूर होते. आमच्या पोस्टवर असाच एक आला. तेरा-चौदाचा असेल, पायात मोठ्या माणसाचे गमबूट. रायफल खाली ठेवली. आम्ही बिस्किटं पुढे केली, तर हा इंटरप्रिटरकडे कागद मागत बसला. मला वाटलं, शाळेचा दाखला वगैरे असेल. त्याला हवं होतं सुटकेचं प्रमाणपत्र, हा मुलगा सशस्त्र गटातून बाहेर पडलाय असं लिहिलेलं. ते खिशात नसलं तर पुढच्या नाक्यावर शत्रूचा माणूस म्हणून धरतात, नाहीतर दुसरा गट उचलून नेतो. हे काम शांतिसेनेतल्या बाल संरक्षणवाल्यांचं, म्हणून त्याला त्यांच्याकडे सोपवलं.

बंदूक घ्यायला दोन मिनिटं लागली. खरा खर्च पुढचा: घर शोधणं, शाळा नाहीतर सुतारकाम, आणि गावानं त्याला परत घेणं. मुली तर कित्येकदा मोजल्याच जात नाहीत, कारण जमा करायला त्यांच्याकडे बंदूक नसते. पैसा आटतो तो इथेच.

म्हणून पैसा आणि माणसं मागा. मुलांना युद्धात ओढण्याविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा प्रोटोकॉल भारतानं 2005 मध्ये मंजूर केलाय. त्याच्या कलम 7 मध्ये अशा मुलांच्या पुनर्वसनासाठी तांत्रिक आणि आर्थिक सहकार्याची तरतूद आहे. खासदाराला संसदेत विचारायला एकच अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा, प्रश्न लिहून द्या: या कलमाखाली भारताने आजवर कोणत्या देशात किती खर्च केला? नोटीस निदान 15 दिवस आधी द्यावी लागते. उत्तर लेखी येतं आणि रेकॉर्डवर राहतं.

अशा देशांची लष्करी मदत तोडा, असंही कुणी म्हणेल. अमेरिकेनं 2008 मध्ये तसा कायदा केला, पण राष्ट्रहिताच्या नावाखाली राष्ट्राध्यक्ष सूट देत आले, काँगोलाही मिळाली. काँगोतल्याच एका सशस्त्र गटाचा म्होरक्या थॉमस लुबांगा याला पोरं भरती केल्याबद्दल 2012 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्टानं 14 वर्षं कैद दिली. बरंच झालं. गमबूटवाल्याला मात्र त्याचा काय उपयोग?

‘आधी गडचिरोलीचं बघा’ हेही ऐकावं लागेल. नक्षल्यांनी पोरं दलममध्ये, म्हणजे त्यांच्या सशस्त्र तुकडीत, नेली, हे खरंच आहे. पण त्यासाठी 2015 च्या बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि संघर्षात सापडलेल्या मुलाला तोच कायदा संरक्षणाची गरज असलेलं मूल मानतो. घरात मान्य केलेलंच बाहेर मागतोय आपण.

पत्र मराठीत चालतं. एकच पान, पहिल्या ओळीत प्रश्न. मग ऑफिसात फोन करा. माझ्या पहिल्या पत्राला उत्तरच नव्हतं. दुसऱ्या वेळी पीए म्हणाला, ‘काका, तेवढा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर टाका.’