वेडाला हसू नकोस

प्रिय,

परवा तू वही टेबलावर ठेवलीस आणि मान खाली घालून विचारलंस, "काका, फाडू का ही कथा?" फाडू नकोस. शेवटच्या पानावरचं "किती बावळट होतो मी!" तेवढं आधी खोड.

सोळाव्या वर्षी तू विट्याहून एसटीने सांगलीला यायचास. कशासाठी, तर ती क्लासमधून बाहेर पडताना दिसावी म्हणून. परतीच्या तिकिटाचे पैसे बुटात. हे तू न हसता लिहिलंस, म्हणून उतरलंय. पण ती दुसऱ्याच्या गाडीवर बसून गेली आणि तुला शहाणं व्हायची घाई झाली. अरे, वेड पुऱ्या वजनानं लिहिलं नाहीस तर मोडलं काय, हे वाचणाऱ्याला कळणार कसं?

जेम्स जॉयसच्या 'डब्लिनर्स' या कथासंग्रहातली (१९१४) 'अ‍ॅरबी' ही कथा पुन्हा वाच. मित्राच्या बहिणीसाठी काहीतरी आणायचं म्हणून तो पोरगा बाजाराला निघालेला. त्याचा काका घरी येतो रात्री नऊला. हा पोचतो तेव्हा दहाला दहा कमी, बहुतेक दुकानं बंद. मग खिशातल्या सहा पेन्सांच्या नाण्यावर तो दोन पेनी पडू देतो. तेवढा आवाज पुरतो. शेवटी स्वतःवर चिडतो, डोळे जळतात त्याचे, पण हसत नाही. वेडाला हसू नकोस.

मी हसलो, बाबा. १९७९ साली रोज संध्याकाळी आयर्विन पुलावर उभा असायचो, सदऱ्याच्या खिशात मोगऱ्याचा गजरा. एकदा ती सायकलवरून उतरली, जवळ आली आणि म्हणाली, "दादा, किती वाजले?" खिशाला गजऱ्याचा तपकिरी डाग पडला होता. आईनं तो दोनदा घासला, विचारलं काही नाही. कथेत मी 'दादा' घेतलं आणि डाग गाळला. लोक खो खो हसले. मला त्याची चटक लागली. मग तसंच लिहीत गेलो आणि एक दिवस लिहिणंच थांबलं. धीर नव्हता असं नाही. दिवसभर हळदीच्या अडतीवर हिशेब, घरी आजारी वडील. वेळ नव्हता, खरंच नव्हता. त्या डागापुरती एक संध्याकाळ मिळाली असती, एवढं मात्र कबूल करतो.

आणि त्या मुलीला उथळ का केलंस? तिला तुझं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. तिनं तुला शब्द दिला होता का? तेही खोड.

बुटातल्या पैशांचं पुढे काय झालं, ते कथेत कुठंच नाही. त्या रात्री विट्याला कसा गेलास? रविवारी येशील तेव्हा आधी ते सांग.

तुझा,
काका