डायनोशिवाय (म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राशिवाय) मॉडिफाय केलेल्या पद्मिनीची हॉर्सपॉवर कशी काढायची?

आधी आकडा सांगतो. तुमचे उस्ताद, म्हणजे मेकॅनिक, सांगतात तशी 80 नाही. 55 ते 60 च्या मध्ये कुठेतरी असेल, आणि मूळ चाळीसेक हॉर्सपॉवरच्या गाडीसाठी ते चांगलंच काम झालं.

तुम्ही लिहिलंय त्यावरून: 1978 ची प्रीमियर पद्मिनी, 1 मिमी ओव्हरसाइज पिस्टन, हेड घासून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते) साडेसातवरून नऊवर, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, हेडर (धूर मोकळा बाहेर सोडणारे एक्झॉस्ट पाइप) आणि जरा तिखट, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅमशाफ्ट. इंजिन 5500 पर्यंत मोकळं फिरतं, उस्ताद 80 म्हणतात आणि डायनो इंदुरात हाताशी नाही.

उस्तादांनी 80 कुठून आणले याचा अंदाज करता येतो. कार्बचे पंधरा टक्के, हेडरचे दहा, कॅमचे वीस, पिस्टनचे अजून थोडे, घाला बेरीज. गॅरेजमध्ये हा हिशोब सर्रास चालतो आणि तो मुळातच चुकीचा आहे. कार्ब, कॅम आणि हेडर हे तिघे एकाच गोष्टीवर काम करतात: सिलिंडरमध्ये दर फेरीला किती हवा शिरते आणि जळून बाहेर पडते. वाटेत सगळ्यात अरुंद जागा जिथे असेल तिथेच हवा अडते, बाकीचं कितीही मोठं करा. पद्मिनीत ती जागा म्हणजे हेडमधले पोर्ट आणि व्हॉल्व्ह. त्यांना हात लावल्याचं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. मग मोठ्या कार्बचा बराचसा फायदा वरच्या वर राहतो.

पिस्टनचा हिशोब तर सरळ आहे. 68 मिमी बोअर 69 झाला, स्ट्रोक 75 च राहिला, म्हणजे 1089 सीसीचे 1122 झाले. तीन टक्के. कॉम्प्रेशन साडेसातवरून नऊ केल्याने पुस्तकी गणितात पाच-सहा टक्के मिळतात, तेही ठिणगीचं टायमिंग नीट लावलं आणि इंजिन खडखडलं नाही तर.

आता 80 तपासायची माझी आवडती पद्धत. किलोवॅट म्हणजे टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर, न्यूटन मीटरमध्ये) गुणिले आरपीएम भागिले 9549, आणि एक हॉर्सपॉवर म्हणजे 0.746 किलोवॅट. 5500 ला 80 हॉर्सपॉवर हवी असेल तर तिथे सुमारे 104 न्यूटन मीटर टॉर्क लागेल, म्हणजे इंजिनाच्या दर लिटरमागे 92. मूळ इंजिन आपल्या कमाल ताकदीच्या आरपीएमला लिटरमागे पन्नासच्या थोडं वर देतं. पुशरॉडचं, सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह असलेलं, रोज रस्त्यावर चालवायचं इंजिन छान ट्यून केलं तर त्या टोकाला लिटरमागे 70 पर्यंत पोचतं. 92 हा रेसच्या इंजिनाचा आकडा झाला, आणि असं इंजिन पलासियाच्या सिग्नलला सुखाने आयडलिंग करणार नाही. तुमची करते ना? मग 70 धरा: साठ-एकसष्ट हॉर्सपॉवर.

आपल्या इंदूरचंच उदाहरण द्यायचं तर महाराजा यशवंतराव होळकरांची 1935 ची ड्यूसेनबर्ग एसजे. 6.9 लिटर, सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, वर सुपरचार्जर, आणि कंपनीचा दावा 320 हॉर्सपॉवरचा. लिटरमागे 46 हॉर्सपॉवर. तेव्हाचं पेट्रोल हलक्या प्रतीचं होतं, आरपीएमही कमी होते, त्यामुळे तुलना पूर्ण न्याय्य नाही हे मान्य. तरी तुमच्या उस्तादांच्या हिशोबाने पद्मिनी लिटरमागे 71 देते, हे ऐकून महाराजांनीही भुवई उंचावली असती.

अजून एक कात्री लागते ती इंदूरच्या उंचीची. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहोत, हवेचा दाब मुंबईपेक्षा सहाएक टक्के कमी. टर्बो नसलेलं इंजिन तेवढीच ताकद गमावतं. मे महिन्याच्या दुपारी आणखी. साठाचे इथे 56-57 राहतात.

हा झाला कागदावरचा अंदाज. खात्री रस्त्यावर करा. ड्रायव्हर, शेजारी बसणारा आणि पेट्रोलसकट गाडी धरमकाट्यावर तोलून घ्या. एक टनाच्या आसपास भरेल. पहाटे, रिकाम्या, सपाट, सरळ चौपदरी रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन ताशी 70 वरून 90 किमीच्या वेगावर जायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग 90 च्या थोडं वर नेऊन न्यूट्रल करा आणि 90 वरून 70 वर उतरायला लागणारा वेळ मोजा. जुन्या स्पीडोमीटरवर विसंबू नका, फोनचा जीपीएस लावून शेजारच्याला व्हिडिओ काढायला सांगा. दोन्ही दिशांना करा, म्हणजे वारा आणि चढ-उतार कटतात. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे खरा, पण 90 साठी तो लागत नाही.

एक टन गाडी 70 वरून 90 वर नेण्यात 123 किलोजूल खर्ची पडतात. समजा चढायला साडेचार सेकंद लागले: 123 भागिले 4.5, म्हणजे 27 किलोवॅट. चाकं आणि फ्लायव्हील फिरवायला पाच टक्के वाढवा, 29 धरा. उतरायला 13 सेकंद लागले तर 123 भागिले 13, साडेनऊ. ही वाऱ्याने आणि टायरने खाल्लेली ताकद. बेरीज साडेअडतीस किलोवॅट, म्हणजे चाकांवर 51-52 हॉर्सपॉवर. गिअरबॉक्स-डिफरेन्शियलमध्ये दहा टक्के जातात असं धरलं तर इंजिनवर 57. चढायला सहा सेकंद लागत असतील तर मात्र कार्बचे जेट (पेट्रोल सोडणारी छिद्रं) आणि टायमिंग आधी बघा, ताकद तिथेच अडकली असेल. उस्तादांचे 80 खरे असतील तर हाच वेळ तीन सेकंदांच्या आसपास यायला हवा.

डायनोवर गेलात कधी, तर आकडा चाकांवरचा आहे की इंजिनवरचा आणि हवामानाचं करेक्शन लावलंय का, हे प्रिंट घेतानाच विचारा. दोन्ही दिशांच्या वेळा आणि काट्यावरचं वजन इथे टाकलंत तर पुढचं गणित मी करून देतो.