वाचकांचे प्रश्न : दिवसा उघडझाप करणारा हेडलाइट

प्रश्न : चौकात समोरून वळणाऱ्या गाड्या अगदी ऐनवेळी माझ्या मोटारसायकलसमोर येतात. हेडलाइट सतत उघडझाप करत ठेवला तर फरक पडेल का?

उत्तर : फरक पडतो, पण दुखण्याच्या अर्ध्याच भागावर. वळणाऱ्या चालकाच्या हातून दोन वेगवेगळ्या चुका होतात. एक, मोटारसायकल आहे हेच त्याच्या ध्यानात येत नाही. दोन, ती दिसते, पण किती लांब आहे आणि किती वेगात येते आहे याचा अंदाज चुकतो. उघडझाप पहिल्या चुकीवर काम करते. नजरेच्या कडेला काही लुकलुकलं की डोळा आपोआप तिकडे वळतो. स्थिर दिव्याला ती ताकद नाही, आणि आता बऱ्याच गाड्यांचे पुढचे दिवे दिवसाही चालू असल्यामुळे एकटा स्थिर दिवा त्यांच्यात हरवतो.

दुसऱ्या चुकीवर मात्र उघडझापेचा उपयोग जवळजवळ नाही. समोरून येणाऱ्या वस्तूचा वेग आपण ओळखतो तो तिचा आकार किती झपाट्याने वाढतोय यावरून. चारचाकीच्या दोन दिव्यांमधलं अंतर डोळ्यांदेखत रुंदावत जातं. मोटारसायकलचा एकच ठिपका असतो, तो शेवटच्या काही क्षणांपर्यंत ठिपकाच राहतो. शिवाय लहान वस्तू आहे त्यापेक्षा लांब वाटते. ठिपका लुकलुकला म्हणून तो मोठा होत नाही. आणि समोरच्या गाडीच्या पुढच्या काचेशेजारच्या खांबाआड तुम्ही झाकले गेला असाल, तर दिवा कसाही असो, काही दिसणार नाही.

अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या मोटारसायकल अपघातांचा अभ्यास करून १९८१ साली अहवाल दिला. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या अपघातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अपघातांत त्या वाहनाच्या चालकाने मोटारसायकलचा आधी जाण्याचा हक्क मोडला होता. तेव्हा तुमची तक्रार अगदी जुनी आणि खरी आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड भागातल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसा हेडलाइट लावणाऱ्यांना इजा होण्याचा धोका २७ टक्के कमी आढळला. लक्षात घ्या, हा आकडा साध्या, स्थिर दिव्याचा आहे. उघडझाप त्याच्या पुढची पायरी. तुमचा स्थिर लो बीमच मळलेल्या काचेमागून मिणमिणत असेल, तर आधी तो नीट करा.

प्रश्न : बाजारात ‘फ्लॅशर’ही मिळतात आणि ‘मॉड्युलेटर’ही. दोन्ही दिवा लुकलुकवतात, मग फरक काय?

उत्तर : फ्लॅशर दिवा पूर्ण विझवतो आणि पुन्हा लावतो. मॉड्युलेटर दिवा विझू देत नाही, फक्त मंद-प्रखर करतो.

अमेरिकेच्या वाहन-दिव्यांच्या प्रमाणकात, म्हणजे एफएमव्हीएसएस १०८ मध्ये, मॉड्युलेटरच्या अटी आकड्यांत दिल्या आहेत. वेग मिनिटाला २४० वेळा, ४० इकडेतिकडे. प्रत्येक फेरीत ५० ते ७० टक्के वेळ दिवा पूर्ण प्रखर. मंद असताना प्रकाश कमाल प्रकाशाच्या १७ टक्क्यांखाली जाता कामा नये. लो किंवा हाय यांपैकी एकच बीम लुकलुकायचा, दोन्ही नाही. उजेड कमी झाला की सेन्सरने उघडझाप थांबवून दिवा स्थिर करायचा. आणि मॉड्युलेटर बिघडला तरी लो आणि हाय, दोन्ही बीम वापरता आले पाहिजेत.

यातली प्रत्येक अट कामाची आहे. १७ टक्क्यांचंच पाहा. हॅलोजन फिलामेंटला (बल्बमधल्या तापणाऱ्या तारेला) साधारण ६० टक्के व्होल्टेज मिळालं तर प्रकाश जवळपास इतका उरतो. फिलामेंट तापलेलंच राहतं, त्यामुळे प्रत्येक वेळी थंड फिलामेंटमधून उसळणारा प्रवाह टळतो. हा उसळता प्रवाह नेहमीच्या सुमारे दहापट असू शकतो. इंडिकेटरचा रिले (दिवा चालू-बंद करणारा विजेचा स्विच) हेडलाइटला जोडून ‘जुगाड’ करणाऱ्यांचे रिलेचे संपर्क जळतात ते यामुळेच. त्यात इंडिकेटरचा रिले मिनिटाला ६० ते १२० वेळा चालतो. म्हणजे प्रत्येक वेळी दिवा पाव ते अर्धा सेकंद पूर्ण काळोखा. ताशी ६० किलोमीटर वेगात अर्ध्या सेकंदात तुम्ही ८ मीटरहून जास्त पुढे जाता. नेमकं त्याच वेळी समोरच्याने पाहिलं, तर तुम्ही बिनदिव्याचे. शिवाय त्या संथ लयीमुळे समोरच्याला तुम्ही वळताय असं वाटतं. हा जुगाड करूच नका.

प्रश्न : माझ्या गाडीला एच४ (लो आणि हाय, दोन्ही फिलामेंट एकातच असलेला) हॅलोजन बल्ब आहे. मॉड्युलेटर स्वतः बसवता येईल का? काय सांभाळायचं?

उत्तर : येईल, मात्र आधी दोन गोष्टी तपासा. पहिली, तुम्ही चालवता तिथे हे कायदेशीर आहे का. अमेरिकेत आणि कॅनडात परवानगी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमावलीनुसार चालणाऱ्या देशांत मात्र इंडिकेटर, धोक्याचे दिवे आणि असेच मोजके अपवाद सोडले तर कोणताही दिवा लुकलुकता चालत नाही. परवानगी नसेल तर विमा आणि वाहन-तपासणी, दोन्हीकडे अडचण येते. तेव्हा हा प्रश्न इथेच मिटतो.

दुसरी, हेडलाइट बॅटरीवर चालतो का. इंजिन बंद ठेवून चावी फिरवा. दिवा लागतच नसेल आणि इंजिन चालू असताना ॲक्सिलरेटर पिळला की प्रखर होत असेल, तर त्याला बहुधा मॅग्नेटोचा, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या वीजनिर्मिती यंत्राचा, एसी प्रवाह मिळतोय. मॉड्युलेटरला बॅटरीसारखा डीसी लागतो. ज्या गाड्यांत इंजिन सुरू झाल्यावरच हेडलाइट लागतो, तिथे मात्र मल्टिमीटरनेच खात्री करून घ्या.

आता जोडणी. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. बल्बमागचा तीन पिनांचा कपलर (तारांची जोडणी) काढा आणि मॉड्युलेटर कपलर व बल्ब यांच्या मध्ये बसवा. कोणती पिन कशाची हे तारेच्या रंगावरून ठरवू नका, मल्टिमीटरने पाहा. मॉड्युलेटर बीमच्या पॉझिटिव्ह तारेत असला पाहिजे, अर्थिंगच्या (निगेटिव्ह) बाजूला नाही. ६० वॅटचं फिलामेंट १२ व्होल्टला ५ अँपिअर ओढतं. जादा तार लागलीच तर १.५ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक घेऊ नका. मॉड्युलेटरचा डबा बल्बच्या पाठीला किंवा रिफ्लेक्टरला टेकू देऊ नका, तिथली उष्णता इलेक्ट्रॉनिक्स शिजवते. बल्बवरची रबरी टोपी पुन्हा पक्की बसलीच पाहिजे. ती अर्धवट राहिली तर पहिल्याच पावसात रिफ्लेक्टरमध्ये वाफ धरते, काही महिन्यांत चकाकी जाते आणि मग लुकलुकणारा दिवाही मिणमिणताच दिसतो.

सेन्सर आकाशाकडे तोंड करून, हँडलच्या क्लॅम्पवर किंवा मीटरच्या वर लावा. पुढच्या काचेच्या सावलीत किंवा हाताखाली नको. तार बांधण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा, ती कुठेही ताणली जाता कामा नये.

मग चाचणी, आणि ही टाळू नका. उन्हात फोनवर स्लो-मोशन चित्रण करून १५ सेकंदांतल्या उघडझापा मोजा. ५० ते ७० भरल्या पाहिजेत. सेन्सर हाताने झाका, दिवा स्थिर व्हायला हवा. लो-हाय बदलून पाहा, एकच बीम लुकलुकला पाहिजे. शेवटी मॉड्युलेटर काढून कपलर थेट बल्बला लावून पाहा, म्हणजे रस्त्यात तो बिघडला तर काय करायचं हे हाताला माहीत असेल. मल्टिमीटर असेल तर दिवा प्रखर असताना मॉड्युलेटरच्या आत येणारं आणि बाहेर पडणारं व्होल्टेज मोजा. प्रमाणकानुसार यात ०.४५ व्होल्टपेक्षा जास्त घट नको. जास्त घट असेल तर रात्रीचा उजेडही कायमचा घटलेला आहे.

जोडणीनंतर लो बीमवर असताना मीटरमधला हाय बीमचा निळा दिवा मिणमिणला आणि हेडलाइट जवळजवळ विझला, तर अर्थिंगची तार सुटली आहे असं समजा. प्रवाह दुसऱ्या फिलामेंटमधून वाट काढतो आहे.

प्रश्न : एलईडी हेडलाइटला हेच चालेल?

उत्तर : हॅलोजनचा मॉड्युलेटर चालणार नाही. एलईडीच्या मागे स्वतःचा ड्रायव्हर (प्रवाह सांभाळणारं सर्किट) असतो, तो येणारं व्होल्टेज वरखाली झालं तरी प्रकाश कायम ठेवायचा प्रयत्न करतो. त्यामुळे एकतर काहीच होत नाही किंवा दिवा वेडावाकडा फडफडतो, आणि ड्रायव्हर लवकर मरतो. ज्या गाड्यांचं संगणक-युनिट दिव्यांवर नजर ठेवतं, तिथे ‘बल्ब गेला’ असा इशाराही येऊ शकतो. एलईडीचा प्रकाश फिलामेंटसारखा हळू उतरत नाही, एका झटक्यात पडतो, म्हणून त्याच वेगाची उघडझाप डोळ्याला जास्त टोचते. त्या दिव्यासाठीच बनवलेला मॉड्युलेटर असेल तरच विचार करा. एचआयडी (फिलामेंटऐवजी विजेच्या ठिणगीवर जळणाऱ्या) दिव्याला कधीच नाही, त्यातला ठिणगीचा कंस वारंवार तोडणं म्हणजे बॅलास्ट, म्हणजे त्याला वीज पुरवणारं युनिट, मारणं.

प्रश्न : लुकलुकता दिवा पाहून काही जण थांबतात, काही जण उलट पुढे घुसतात. असं का?

उत्तर : दिव्याने फ्लॅश देण्याचा अर्थ सगळीकडे एक नाही. कुठे त्याचा अर्थ ‘मी येतोय, थांब’ असा घेतात, तर कुठे ‘तू आधी जा’. ब्रिटनचा हायवे कोड सांगतो की फ्लॅश फक्त ‘मी इथे आहे’ एवढंच कळवायला वापरा, आणि दुसऱ्याने फ्लॅश दिला म्हणजे रस्ता मिळाला असं समजू नका. मॉड्युलेटर सेकंदाला चार वेळा लुकलुकतो, सहसा कोणी इतक्या झपाट्याने हाताने डिपर देत नाही, म्हणून गोंधळ थोडा कमी होतो. पण वळायला टपलेला चालक तेवढा विचार करत बसत नाही. आमच्या मते उघडझापेचा हा सर्वांत मोठा तोटा आहे, आणि तो कोणत्याही चांगल्या मॉड्युलेटरने जात नाही. म्हणून चौकात शिरताना वेग उतरवा, बोटं ब्रेकवर ठेवा, आणि समोरच्या गाडीच्या दिव्याकडे नाही तर पुढच्या चाकाकडे पाहा. चाक हलायला लागलं की कळतं.

आणखी काही गोष्टी. तुमचा इंडिकेटर हेडलाइटच्या अगदी शेजारी असेल, तर उघडझापेत तो बुडून जातो. वळण्याच्या बरंच आधी उघडझाप बंद करता येईल असं बटण हँडलवर घ्या. आणि पुढच्या गाडीच्या मागे लागून चालताना तो दिवा तिच्या आरशात सतत नाचतो. चालक चिडतो, गोंधळतो, कधी विनाकारण ब्रेक दाबतो. दोन दिवे आळीपाळीने लुकलुकवले तर पोलीस किंवा रुग्णवाहिका समजून वाट सोडतात. तो फायदा नाही, फसवणूक आहे.

प्रश्न : रात्री चालू ठेवला तर?

उत्तर : नाही. अंधारात उघडझाप समोरच्याला दिपवते आणि तुमचाही रस्ता लुकलुकतो, खड्डा आणि सावली यांत फरक कळत नाही. सेन्सर त्यासाठीच असतो. सेन्सर नसलेला मॉड्युलेटर घेऊच नका. बोगद्यात शिरल्यावर तो किती लवकर स्थिर होतो, तेही पाहून ठेवा.

प्रश्न : उघडझाप नको असेल, तर दिसण्यासाठी दुसरं काय करावं?

उत्तर : आम्ही कोणालाही आधी हेच सुचवू. ऑकलंडच्या त्याच अभ्यासात फ्लुरोसंट किंवा परावर्तक कपडे घालणाऱ्यांचा धोका ३७ टक्के कमी होता, आणि काळ्या हेल्मेटच्या तुलनेत पांढऱ्या हेल्मेटवाल्यांचा २४ टक्के. यासाठी एकही तार कापावी लागत नाही.

वेगाच्या अंदाजासाठी मात्र दिव्यांचा त्रिकोण करा : वर हेडलाइट, खाली पुढच्या फोर्कच्या दोन्ही पायांवर एकेक लहान दिवा, शक्य तितके दूर-दूर. तीन ठिपक्यांमधलं अंतर वाढताना दिसलं की वेग कळतो. ब्रिटनमधल्या २०१२ च्या प्रयोगांत मंद उजेडात अशा तीन दिव्यांच्या रचनेमुळे मोटारसायकलच्या वेगाचा अंदाज सुधारलेला दिसला. दोन्ही मिळून २० वॅटचे दिवे पुरेत. वेगळा रिले आणि ३ अँपिअरचा फ्यूज लावा, झोत हेडलाइटपेक्षा खाली ठेवा, आणि जादा दिव्यांचे स्थानिक नियम पाहून मगच बसवा.

आणि चौकाजवळ जाताना लेनमधल्या लेनमध्ये थोडं डावी-उजवीकडे सरका. सरळ रेषेत येणारा ठिपका पार्श्वभूमीवर चिकटून राहतो, आडवा हलला की सुटा दिसतो. मागेपुढे वाहन नाही याची खात्री करूनच हे करा.

प्रश्न : मागचा ब्रेकलाइट लुकलुकवला तर?

उत्तर : प्रत्येक ब्रेकला लुकलुकणारा दिवा लावू नका, मागच्याला साधा ब्रेक आणि जोराचा ब्रेक यांत फरकच कळणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नियमांत ‘आणीबाणीचा थांबा’ दाखवणारी उघडझाप आहे. चारचाकींत ती ताशी ५० किलोमीटरच्या वर वेग असताना आणि कारच्या बाबतीत सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंद इतक्या जोराने वेग उतरत असतानाच सुरू होते. काही मोटारसायकलींना ही सोय कारखान्यातूनच येते. बाहेरून लावलेला ब्रेकलाइट-फ्लॅशर फक्त ब्रेकच्या स्विचवर चालतो, वेग किती झपाट्याने उतरतोय हे त्याला कळत नाही.